जिवंत चारा कसा सांभाळायचा: नागपुरातून टूना बोटीवर जाणाऱ्यांसाठी

तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातून शिकून निघालेली मुलं असोत, की भंडारा-गोंदियाकडच्या ढीवर वस्तीतली पोरं असोत, लक्षद्वीपच्या टूना बोटींचा विषय निघाला की एकच शंका काढतात. समुद्र आपण कधी पाहिला नाही, काठीनं तीन किलोचा मासा उपसायची सवय नाही, मग तिथं आपला निभाव कसा लागणार? मी दोन हंगाम लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाच्या बोटीवर काढले आहेत, म्हणून हा लेख लिहायला बसलो. त्या बोटीवरचं सगळ्यात नाजूक काम काठीचं नाही. ते टूनाला चारा म्हणून टाकायचे बोटभर लांबीचे मासे जिवंत ठेवण्याचं आहे. आणि ते काम आपल्या घरांत दोन-तीन पिढ्या चालत आलेलं आहे.

माझे वडील हावड्याहून रेल्वेनं मत्स्यबीज आणणाऱ्यांपैकी होते. हंड्यांत पाणी, पाण्यात रोहू-कटल्याचे जिरे, आणि डब्याच्या दाराशी बसून रात्रभर तळहातानं ते पाणी हलवत राहायचं. डोळा लागला तर सकाळी हंडीत पांढरा थर. "हात थांबला का बीज गेलं म्हून समज, पोट्ट्या," असं ते सांगायचे. बोटीवर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे वाक्य पुन्हा शिकावं लागलं. ती हकीकत पुढे येईल.

आधी ही मासेमारी चालते कशी ते समजून घ्या. इथं मुख्य मासा म्हणजे स्किपजॅक टूना. आपल्या कोकण किनाऱ्यावर टूनाला कुपा किंवा गेदर म्हणतात. स्किपजॅक थव्यानं फिरतो, पृष्ठभागाजवळ येतो आणि लहान मासे दिसले की त्यांच्यावर तुटून पडतो. बोट थव्याजवळ नेऊन जिवंत लहान मासे मूठमूठ पाण्यात टाकतात. थवा बोटीच्या मागच्या टोकाशी येऊन खायला लागला की तिथं ओळीनं उभे असलेले गडी काठ्यांनी एकेक मासा उचलून मागे डेकवर फेकतात. गळावर बहुतेक वेळा काहीच लावलेलं नसतं, पिसांचा छोटा झुबका तेवढा असतो. भुकेनं पिसाटलेला मासा चमकणारं काहीही गिळतो. पण त्याला पिसाट करतो तो जिवंत चारा. चारा मेला तर काठ्या, गडी, डिझेल सगळं वाया जातं.

मालदीव आणि मिनिकॉयमध्ये ही पद्धत फार जुनी आहे. लक्षद्वीपच्या इतर बेटांवर ती १९६० च्या दशकात यांत्रिक बोटींबरोबर पसरली. एका काठीला एकावेळी एकच मासा लागतो, त्यामुळे कासवं, डॉल्फिन असे नको ते जीव जवळजवळ सापडतच नाहीत. मालदीवच्या काठीनं पकडलेल्या स्किपजॅकला २०१२ मध्ये शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळालं, त्यामागचं एक कारण हेही.

निघण्याआधी, नागपुरातच

लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो आणि कोचीहून जहाज धरावं लागतं. बोटमालकाशी बोलणं पक्कं झाल्याशिवाय निघू नका. हंगाम साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते एप्रिल-मे असतो, पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात. कागदपत्रांचं एवढंच. खरी तयारी पाण्यातली आहे.

दोनशे लिटरचा एक निळा ड्रम घ्या. वरचं झाकण कापून काढा, कडा घासून गुळगुळीत करा. मत्स्यबीज केंद्रातून रोहूची पाच-सात सेंटिमीटरची शंभर बोटुकली आणा. आता त्यांना दोन दिवस त्या ड्रममध्ये जिवंत ठेवायचं. खायला काही द्यायचं नाही, पाणी मात्र बदलत राहायचं. रोहूची बोटुकली काटक असते आणि समुद्रातला चारा तिच्यापेक्षा कितीतरी नाजूक. म्हणून स्वतःला अट घाला: शंभरातली पाचापेक्षा जास्त मेली तर सराव पुन्हा पहिल्यापासून.

हा सराव मी मुद्दाम मार्च-एप्रिलमध्ये करायला सांगतो. नागपूरचं ऊन तुम्हाला जे शिकवेल ते वर्गात कळत नाही. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाला साधारण साडेसात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तीस अंशाला तो सहाच्या जरा वर असतो. म्हणजे लक्षद्वीपच्या पाण्यात तुमच्या ड्रमपेक्षाही कमी हवा आहे, आणि टाकीत मासे दाटीनं भरलेले. भर दुपारी ड्रममधली बोटुकली वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली, तर ते चित्र मनात साठवून ठेवा. बोटीवर तेच दिसलं की तुमच्या हाती काही मिनिटंच उरलेली असतात.

ड्रममध्येच हातजाळीचीही सवय करा. मासा जाळीनं उचलून हवेत आणायचा नाही. जाळी पाण्याखाली नेऊन मासे हळूच एका बाजूला आणायचे, मग बादली तिरकी बुडवून पाण्यासकट उचलायचे. पाच-सहा दिवसांत हाताला ते वळण लागतं. जाळी बिनगाठींची, मऊ धाग्याची घ्या. गाठींची जाळी खवलं काढते आणि खवल गेलेला मासा दोन-चार तासांत मरतो, मग पाणी कितीही चांगलं असो.

चारा ओळखणं

बोटीवर तुम्हाला जो चारा दिसेल त्यात सगळ्यात जास्त नाव ऐकाल ते होंडेलीचं. हा स्प्रॅटच्या जातीचा, बारीक, अर्धपारदर्शक, चंदेरी मासा, लगूनमधल्या (बेटाजवळच्या, प्रवाळाच्या कड्यानं अडवलेल्या उथळ पाण्यातल्या) वाळूवर आणि प्रवाळाच्या कडेनं थव्यात फिरणारा. त्याचाच चुलतभाऊ, अंगावर रुपेरी पट्टा असलेला, त्याला मालदीवमध्ये रेही म्हणतात. दोघंही टूनाला अतिशय प्रिय आणि दोघंही हाताळायला वाईट. जोरात धक्का बसला की खवलं झडतात. त्यांच्यापेक्षा काटक म्हणजे फ्युझिलियर नावाच्या माशाची पिल्लं, मालदीवमधली मुगुरान. ती दाटी सोसतात आणि टाकीत जास्त दिवस टिकतात. जपानी बोटी मांदेलीच्या कुळातला अँकोव्ही वापरतात, आणि तो पकडला की लगेच बोटीवर भरत नाहीत. समुद्रात तरंगणाऱ्या मोठ्या जाळीपिंजऱ्यांत आठवडा-आठवडा ठेवून, मरणारे मरू देऊन, उरलेले धट्टेकट्टे मासे बोटीला विकतात. आपण मत्स्यबीज पाठवण्याआधी एक दिवस हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात, उपाशी ठेवतो, त्यामागे हेच तत्त्व आहे: पोट रिकामं झालं की वाटेत पाणी घाण होत नाही, आणि कमजोर मासा आधीच गळून पडतो.

चांगल्या चाऱ्यात मी तीन गोष्टी पाहतो. एक, चमक. दुसरी, पाण्यात टाकल्यावर तो वळून बोटीच्या सावलीकडे येतो का. जो मासा सरळ खोल पाण्यात निसटतो तो टूनालाही सोबत घेऊन जातो. तिसरी, टाकीत तो एकाच दिशेनं गोल फिरतो का. इकडेतिकडे सैरभैर पळणारा थवा घाबरलेला असतो, आणि घाबरलेला मासा भिंतीवर आपटतो.

पकडणं

लगूनमध्ये पकड सकाळी होते. चौकोनी जाळं चार बांबूंना बांधून उथळ पाण्यात तळाशी सोडतात. मग माशाच्या मांसाचा कुटलेला लगदा जाळ्यावर थोडा थोडा सोडायचा. होंडेली जमली की सगळ्यांनी एकदम, पण सावकाश, जाळं उचलायचं. काही बोटी वेढा घालणारी जाळी वापरतात. मालदीवमध्ये आता बऱ्याच बोटी रात्री दिव्याखाली चारा जमवतात.

इथं सगळ्यांची चूक एकच होते: घाई. जाळ्यात मासे दाटले की हात शिवशिवतात, एकदम भरपूर उचलावंसं वाटतं. तसं करू नका. जाळं काठापर्यंत आणून थांबा, आत हातभर पाणी राहू द्या. मासे शांत झाले की बादलीनं, पाण्यासकट, थोडे थोडे टाकीत न्या. बादलीतून ओततानाही बादलीचा काठ टाकीच्या पाण्याला टेकवा. वरून धार सोडू नका.

माझी हकीकत इथलीच. पहिल्या आठवड्यात नाखव्यानं, म्हणजे बोटीच्या कप्तानानं, मला चाऱ्यावर लावलं. सूर्य वर आला होता, इतर बोटी निघून गेल्या होत्या आणि मला वाटलं, आपण नागपूरचे, आपल्याला घाईत काम करता येतं हे दाखवू. मी हातजाळीनं चारा सुकाच उचलून टाकीत टाकत गेलो. चटकन भरली टाकी. दोन तासांनी क्षितिजावर पक्ष्यांचा झुंड दिसला, खाली पाणी उकळल्यासारखं, म्हणजे मोठा थवा. टाकीत पाहिलं तर अर्ध्याहून जास्त होंडेली तळाशी पांढरी पडलेली. जी जिवंत होती तीही तिरकी पोहत होती. आम्ही थव्याजवळ गेलो, चारा टाकला, मेलेला चारा खाली बुडाला आणि टूना वळलासुद्धा नाही. बारा गडी रिकाम्या हातानं परत आले. नाखवा मला काही बोलला नाही. संध्याकाळी त्यानं माझ्या हातातली जाळी काढून घेतली आणि एक बादली ठेवली, एवढंच.

पकडीबद्दल आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रवाळ तुडवू नका, त्यावर नांगर टाकू नका. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून लक्षद्वीपचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, मेलं. चाऱ्याचे मासे त्याच प्रवाळाच्या आडोशानं जगतात. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा नसता तरी, ज्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर आपलं पोट आहे ती पाळ आपण फोडतो का?

टाकी

चाऱ्याची टाकी बोटीच्या पोटात असते. जुन्या लाकडी बोटींत तळाला भोकं ठेवून त्यांतून समुद्राचं पाणी आत घेत आणि उपसून बाहेर टाकत. आता पंप असतो. पाणी खालून, भोकं असलेल्या फळीतून वर यावं आणि वरच्या काठाशी जाळी लावलेल्या तोंडातून बाहेर जावं, ही मांडणी सगळ्यात बरी. त्यात विष्ठा आणि खवलं वरच्या पाण्याबरोबर वाहून जातात. पाणी एका कोपऱ्यातून जोरात घुसत असेल तर मासे त्या धारेशी झुंजून थकतात. धारेला आडवी फळी लावा किंवा नळीला बारीक भोकं पाडून ती तळाशी पसरा.

किती पाणी लागतं? माझा हिशेब असा: टाकीचं सगळं पाणी तासाला सहा-सात वेळा बदललं पाहिजे. दीड हजार लिटरची टाकी असेल आणि सात वेळा धरलं तर तासाला साडेदहा हजार लिटर, म्हणजे मिनिटाला १७५ लिटर. हे मोजायला यंत्र लागत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली वीस लिटरची बादली धरा. सात सेकंदांत भरली तर ठीक. दहा सेकंद लागले तर पंपाची जाळी साफ करा, कुठंतरी गवत अडकलंय. ही बादलीची चाचणी निघताना एकदा, आणि पुढे दर तासाला एकदा करायची. पंप अचानक बंद पडला तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा: दोन माणसं, दोन बादल्या, समुद्रातून उपसून टाकीत, थांबायचं नाही. वडिलांच्या हंडीचा नियम इथंही तोच आहे.

टाकीच्या आतला रंग फिका असावा, म्हणजे मासे आणि मेलेले दोन्ही दिसतात. कोपरे गोल असतील तर थवा अडकत नाही. वर ताडपत्रीची सावली हवी. रात्री चारा टाकीत ठेवायचा झाला तर टाकीवर एक मंद दिवा लावून ठेवा. पूर्ण अंधारात थवा फुटतो आणि मासे भिंतीला धडकतात. दिवा मात्र सतत लावलेला हवा. मध्येच लावला-विझवला तर उलट घात होतो.

भरल्यापासून पहिले तीन-चार तास सगळ्यात वाईट. जे मरायचे ते बहुतेक तेव्हाच मरतात. दर अर्ध्या तासानं तळाचे मेलेले नळीनं खेचून काढा. एक मेलेला मासा कुजला की त्याच्या भोवतीचं पाणी बिघडतं. वेगवेगळ्या जाती आणि आकार एका टाकीत मिसळू नका. काटक मासा नाजूक माशाला ढोसून ढोसून मारतो.

फेकणं

पक्षी हे पहिलं लक्षण. ते जिथं सूर मारतायत तिथं खाली थवा आहे. बोट थव्याच्या मधून कधीच नेत नाहीत, तो फुटून खोल जातो. नाखवा थव्याच्या पुढच्या बाजूला वळवतो, वेग कमी करतो आणि चारा फेकणाऱ्याला खूण करतो. आता सगळ्यांचे डोळे तुमच्यावर.

पहिली मूठ दूर फेका, थव्याच्या तोंडापुढे. मग थोडी कमी दूर. मग आणखी जवळ. थव्याला एकेका पायरीनं बोटीच्या मागच्या टोकापर्यंत आणायचं. एका वेळी थोडाच चारा. पाण्यात मासा पळताना दिसला पाहिजे, त्याचा ढीग नको. थवा बोटीपाशी आला आणि पाणी पांढरं झालं की तुमचा हात आखडता घ्या. इथंच नवा माणूस बिथरतो. टूना उसळ्या मारतायत हे पाहून तो मुठी वाढवतो, मासे पोटभर खातात आणि पाच मिनिटांत निघून जातात. आपल्याला त्यांना भरवायचं नाही, आशेवर ठेवायचं आहे. थवा मंदावतोय असं दिसलं तर दोन मुठी, पुन्हा उसळला तर एक.

त्याच वेळी बोटीच्या मागच्या कडेवरच्या नळ्यांतून समुद्राच्या पाण्याचा फवारा सुरू असतो. पृष्ठभागावर पावसाच्या सरीसारखे थेंब पडतात, त्यात लहान माशांचा थवा हलतोय असा भास होतो, आणि टूनाला वर उभी असलेली माणसंही नीट दिसत नाहीत. फवारा बंद पडला तर चारा दुप्पट लागतो हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून निघण्याआधी त्या नळ्यांची भोकं सुईनं साफ करणं हे चाऱ्यावाल्यानं स्वतःचं काम समजावं.

काठीबद्दल थोडंच सांगतो, कारण ती तिथं उभं राहूनच शिकता येते. काठी बांबूची किंवा फायबरची, दोरी काठीपेक्षा जराशी आखूड. गळाला उलटी अणी नसते, म्हणून मासा डेकवर आल्यावर दोरी सैल झाली की आपोआप सुटतो आणि काठी लगेच परत पाण्यात जाते. सरावाला घरच्या अंगणात काठीला दोन-तीन किलो वाळूची कापडी पिशवी बांधा आणि ती डोक्यावरून मागे टाकायची सवय करा. पाठ वाकवून उचलू नका. काठीचं बूड मांडीशी टेकवून अंगाच्या झोकानं उचला. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी किंवा शिरस्त्राण हवंच, सुटलेले गळ हवेत उडतात. नवा माणूस पहिल्या हंगामात बहुधा कडेला उभा करतात, त्यात कमीपणा नाही.

परत आल्यावर

टूना बर्फात किंवा सावलीत लवकर गेला पाहिजे. उन्हात पडलेल्या टूनात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. मिनिकॉयमध्ये बराच मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचा 'मास' नावाचा सुका टूना करतात. ते काम बायका आणि म्हातारी माणसं फार निगुतीनं करतात. त्यांच्याकडे बसून पाहा.

चारा उरला असेल तर तो फेकून देऊ नका. लगूनमध्ये वाहत्या पाण्याच्या जागी जाळीचा किंवा बांबूचा तरंगता पिंजरा बांधलेला असतो. टाकीतून बादलीनं, पाण्यासकट, त्यात सोडा. पिंजरा खूप भरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जो चारा त्यात जिवंत सापडतो तो आजच्या पकडीपेक्षा दणकट असतो. पहिल्या थव्यासाठी तोच ठेवा.

आणि एक वही ठेवा. रोज चार आकडे: किती बादल्या चारा भरला, पहिल्या थव्यापर्यंत किती मेला, किती वापरला, किती टूना आला. पंधरा दिवसांत तुम्हाला दिसेल की चारा जास्त भरलेल्या दिवशी टूना जास्त येतोच असं नाही, पण चारा कमी मेलेल्या दिवशी बहुतेक येतो. माझ्या वहीत दुसऱ्या हंगामात नाखवा स्वतः येऊन आकडे पाहायचा. मोजणी उजेड असेपर्यंत उरकून घ्या. तळाचे मेलेले अंधारात जिवंत वाटतात.